पासंग

दाणाबंदरात बावीस वर्षं मी तोलणार.
पोत्याला हात लावला की सांगतो
पन्नास आहे की एकोणपन्नास सातशे.
माझ्या रक्तात काय किती, ते मात्र
कोपरखैरण्याच्या लॅबमधला पोरगा सांगतो.
इझान त्याचं नाव. शीर सापडेपर्यंत
मान वर करत नाही.

रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला सुई,
मध्ये बारा तास मोजून.
सकाळची गोळी खिशात ठेवायची, सुईनंतर घ्यायची.
पहिल्या खेपेला मी ती चहाबरोबर घेऊनच गेलो.
आकडा आला एक पूर्णांक दोन.
खोत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धनावडे,
ट्रकसकट पोतं मोजलंत."
मग समजलं.

हेही एक मीठच, म्हणाल्या.
कमी पडलं तर उपयोग नाही, वाढलं तर विष,
आणि दोहोंमधली जागा एवढीशी.
म्हणून पाणी प्यायचं.
जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही.
जुलाब झाले तर फोन करायचा, लाजायचं नाही.
कंबर धरली म्हणून शेडमध्ये कुणाकडून
दुखण्याची गोळी मागून घ्यायची नाही.

हे शेवटचं मी विसरलो.
तुरीची आवक होती, तीन दिवस लाल गोळ्यांवर काढले.
चौथ्या दिवशी काट्यावरचा आकडा स्थिर
आणि मीच हलत होतो.
पावतीवर माझी सही बघून मेहता म्हणाला,
ही कुणाची?
वैजयंतानं रिक्षात घातलं. दोन दिवस सलाईन.

त्याच्याही आधीचं एक आहे.
बरं वाटत होतं. बरं वाटतंय, मग गोळी कशाला?
मार्चात बंद केली, कुणाला न सांगता.
एप्रिलात झोप गेली, आणि गेली त्याचं दुःखही नाही,
एवढा उजेड होता डोक्यात.
पहाटे तीनला भानुशाली शेठना फोन करून सांगितलं
की अख्ख्या बाजाराचा काटा चुकलाय,
बरोबर मी एकटाच.
शेठ म्हणाले, उद्या बघू.
त्यानंतरचे दोन महिने भिंतीकडे तोंड.
ते सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून ती पाकिटं मोजायची.
मी झोपलोय असं समजून, मोबाइलच्या उजेडात,
बोटानं एकेक फुगा चाचपत.
जन्मभर दुसऱ्याचा माल मोजला मी.
आपल्याला कुणी मोजतंय, ते कसं लागतं
हे त्या रात्री कळलं. ताट भिरकावलं सकाळी.
पोरगी शाळेत जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

बाईंसमोर दोघंही आपापली बाजू घेऊन बसलो.
त्या म्हणाल्या, मोजायचंय ना?
मग दिवसाउजेडी मोजा, दोघांनी, एका टेबलावर.
आता रविवारी सात खणांची डबी भरतो.
मी टाकतो, ती मोठ्यानं म्हणते. 
एक कमी आली तर आधी पलंगाखाली बघायचं,
मग माझ्याकडे.

आमच्या बापाची तागडी होती, गावी, केळघरच्या बाजारात.
तिचं एक पारडं जन्माचंच खाली.
दुसऱ्याला तो एक खडा बांधायचा, चिंध्यात गुंडाळून,
आणि दिवसभर सरळ माप द्यायचा.
खडा सुटला की थांबायचा, बांधायचा, पुढे.
तागडीला वेडी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

कधी सुटणार, हे मी दर खेपेला विचारतो.
"वर्षभर नीट गेलं तर बोलू," बाई म्हणतात,
"आणि कमी करायची ती मी, हळूहळू.
तुम्ही नाही, मार्चात."
मी हो म्हणतो. पूर्ण मनानं नाही.
हात अजून थोडा थरथरतो, चहा बशीत येतो,
वजन सहा किलो वाढलंय, हेही सांगितलं.
त्यांनी लिहून घेतलं. रात्रीचा डोस अर्ध्या गोळीनं उतरवला,
थायरॉइड आणि किडनीची तपासणी लिहून दिली.

काल संध्याकाळी रिपोर्ट आला फोनवर.
वैजयंतानं वाचला, "शून्य पूर्णांक सात."
आणि फोन ओट्यावर पालथा घातला.
जेवताना मी म्हटलं, आमटीत मीठ कमी आहे.
ती म्हणाली, रोजच्याएवढंच आहे.